शंभर व्होल्टचा उन्हाळा

आवाज फार मोठा नव्हता. फोडणीतली एखादी मोहरी कढईबाहेर उडावी, तेवढाच. मग जळका वास आला आणि दादानं घाईघाईनं उठून कूलर बंद केला, जणू चूक कूलरचीच होती. २००१ चा मे, दुपारचे तीन, प्रतापनगरातलं आमचं घर. बाहेर पंचेचाळीसचं ऊन आणि पाटावर एक राखाडी प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. जपानपासून नागपूरपर्यंत ते कपड्यांच्या घड्यांत सुखरूप आलं होतं आणि आमच्या भिंतीतल्या सॉकेटनं अर्ध्या सेकंदात त्याचा निकाल लावला.

मावसाजी कंपनीच्या कामानं दीड वर्ष जपानला होते. तिकडे वापरलेल्या खेळांची मोठमोठी दुकानं असतात. अशाच एका दुकानातून त्यांनी हे आम्हा दोघा भावांसाठी आणलं होतं, सोबत एकुलती एक डिस्क. हातात देताना ते म्हणालेही होते, "तिकडची लाइट वेगळी असते रे, कोणाले तरी विचारून लावजा." दादाची बारावी सायन्स नुकतीच झाली होती. फिजिक्स पाठ असलेला माणूस कोणाला कशाला विचारतो?

जपानच्या घरात वीज येते १०० व्होल्टची. आपल्याकडे २३०. दादाला हे दोन्ही आकडे माहीत होते, हे तो अजूनही शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते धूड चादरीत गुंडाळून सायकलवर बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नेलं. मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावांच्या गल्ल्यांमध्ये तेव्हा टीव्ही-टेपची दुकानं दाटीवाटीनं होती. दोन दुकानांच्या मधल्या फटीत एक काका बसायचे. समोर सोल्डरिंग आयर्न, कानात बिडी, डोक्यावर साठचा बल्ब. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि आमच्याकडे पाहिलं.

"थेट लावून देल्लं का बे पोट्टेहो?"

आम्ही गप्प.

"फ्यूज गेला. हे कंडेन्सर पाहा, कसे फुगून राहिले. बोर्ड वाचला मात्र. नशीबवान आहा."

त्यांनी सप्लाय दुरुस्त केला आणि दोनशे तीसचे शंभर करणारा एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला. वजन म्हणाल तर भाजीच्या काट्यावरच्या दोन किलोच्या मापाएवढं. चालू असताना तो माशी अडकल्यासारखा गुणगुणायचा. ते गुणगुणणं मला आजही झोपेतून ओळखता येईल.

घरी आलो, जोडलं, चित्र दिसलं. काळंपांढरं.

हा दुसरा घोळ. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं ते पाल पद्धतीनं: ६२५ रेघा, सेकंदाला ५० अर्धी चित्रं. जपान आणि अमेरिका एनटीएससीवाले: ५२५ रेघा आणि ६०. रंग सांगायची दोघांची भाषाच वेगळी. आमच्या जुन्या टीव्हीला जपानी संकेतातला उजेड-अंधार कळत होता, रंग कळत नव्हता. म्हणून त्यानं कळलं तेवढं दाखवलं. नवे टीव्ही दोन्ही भाषा समजायचे, पण बाबांसमोर तो विषय काढायची सोय नव्हती. "बातम्या रंगीत दिसतात ना? मग झालं," ते म्हणाले.

वीज आणि टीव्ही ही कुलपं कोणी मुद्दाम लावलेली नव्हती. देशादेशांनी आपापल्या सोयीनं घेतलेले निर्णय होते ते, आणि आम्ही त्यांच्या मध्ये पाय अडकून पडलो होतो. मुद्दाम लावलेलं कुलूप आठवड्याभरानं भेटलं. गल्लीतल्या एका मित्राकडे प्लेस्टेशनच्या बऱ्याच डिस्का होत्या. त्यातली फुटबॉलची आणली, घातली, झाकण लावलं. कंपनीचं चिन्ह आलं आणि त्याच्यापुढे काही नाही. एकामागून एक चार डिस्का झाल्या. जपानहून आलेली ती एकच डिस्क तेवढी चालायची.

पुन्हा बर्डी. काका हसले. "हे जपानी आहे न भाऊ. याले फक्त घरचं जेवण चालते. चीप टाकून देतो, मंग काईबी खाते."

या कुलपाची गंमत मला फार वर्षांनी नीट कळली, आणि कळल्यावर ते बनवणाऱ्याला मनातल्या मनात दाद दिली. प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कच्या सगळ्यात आतल्या कड्यावर डेटाची वाट सरळ न जाता किंचित डुलत जाते. त्या डुलण्यात चार अक्षरं लपवलेली असतात. जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. म्हणजे फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. कन्सोल, म्हणजे हे खेळाचं यंत्र, सुरू होताना आधी ही अक्षरं शोधतो. आपल्या देशाचं अक्षर सापडलं तर दार उघडतं. घरच्या सीडी रायटरला डेटा लिहिता येतो, पण वाट डुलवता येत नाही. त्यामुळे नक्कल केलेल्या डिस्कवर ही अक्षरं येतच नाहीत. एकाच कुलपानं दोघांना बाहेर ठेवलं, परदेशी माणसाला आणि चोराला. काकांची चीप काय करायची? कन्सोलला हवी असलेली चार अक्षरं ती त्याच्या कानात सतत पुटपुटत राहायची. झालं. एकासाठी दार उघडलं की दुसराही आत येणारच.

आता कबूल करायला हरकत नाही. परदेशातून पैसे देऊन मागवलेले अस्सल खेळ खेळायला चीप बसवली, असा माणूस मला त्या काळच्या नागपुरात भेटलेला नाही. आम्ही सगळे दुसऱ्या रांगेतले. प्लास्टिकच्या पातळ पाकिटातल्या, वर मार्करनं नाव लिहिलेल्या डिस्का घेणारे. ज्यांना जपानी खेळाची ओढ होती आणि तो आपल्या देशात येणारच नव्हता, अशा लोकांनी तिकडे अमेरिकेत आणि युरोपात चीपचं समर्थन मोठ्या तळमळीनं केलं. ते समर्थन खरंही होतं. आमच्याकडे मात्र ते उसनं घेतलेलं वाटतं. फक्त माझ्या बाबतीत योगायोगानं उलटं झालं होतं. अस्सल परदेशी डिस्क माझ्याकडे आधी होती, चीप नंतर आली, आणि त्या डिस्कला चीपची गरजच नव्हती.

त्याआधीचं एक सांगायला हवं. आमच्या पिढीचा पहिला खेळ प्लेस्टेशन नव्हता, 'टीव्ही गेम' होता. पिवळी नाहीतर काळी कॅसेट, तिच्या तोंडात फुंकर, आणि नव्याण्णव लाख खेळ असल्याचा दावा, ज्यातले निघायचे पाच. तो डबा म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राची नक्कल. १९८५ मध्ये निन्टेन्डो अमेरिकेत गेलं तेव्हा त्यांनी डब्याचं रूप बदललं, कॅसेटच्या ६० पिनांच्या ७२ केल्या आणि आत एक पहारेकरी चीप बसवली. तिचा जोडीदार कॅसेटमध्ये असायचा. दोघांचं बोलणं जुळलं नाही तर डबा पुन्हापुन्हा रिसेट होत राहायचा. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये हा पहारेकरी नव्हताच. नक्कल करणाऱ्यांनी अर्थातच पहाऱ्याविना असलेलं घर निवडलं, आणि ते घर जगभर विकलं. म्हणजे महालापासून खामल्यापर्यंत आम्ही सगळी पोट्टी, पिना मोजल्या तर, जपानी प्रदेशाचे नागरिक होतो. आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

त्यातून भांडणंही व्हायची. माझ्या कॅसेटमधला दुसरा मारिओ आणि मामेभावाच्या कॅसेटमधला दुसरा मारिओ वेगळे होते. त्यात सलगम उपटून फेकायचे, माझ्यात पहिल्यासारखंच पण जीव घेणारं अवघड. तुझा नकली, नाही तुझा नकली, यावरून दोन दिवस अबोला. दोघंही बरोबर होतो. जपानला १९८६ मध्ये मिळालेला दुसरा मारिओ अमेरिकी पोरांना फार कठीण जाईल असं निन्टेन्डोला वाटलं. म्हणून एका भलत्याच जपानी खेळातल्या पात्रांना मारिओ मंडळींचे चेहरे चढवून १९८८ मध्ये तो अमेरिकेला दुसरा मारिओ म्हणून दिला. प्रदेशांमधली ही भिंत आमच्या मामाच्या अंगणातून गेली होती.

सगळीच कुलपं प्लेस्टेशनसारखी नाजूक कलाकुसरीची नव्हती. अमेरिकी सुपर निन्टेन्डोमध्ये जपानी कॅसेट अडवायला खाचेत प्लास्टिकचे दोन दात होते. लोकांनी पक्कड घेतली आणि ते मोडले. मला हे कुलूप सगळ्यात प्रामाणिक वाटतं. निदान दिसतं तरी, आणि आपण काय मोडतोय ते कळतं.

कारणं उघड होती. खेळ आधी जपानात येई, मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, दुसरीकडे. खुद्द प्लेस्टेशन जपानात ३ डिसेंबर १९९४ ला आलं आणि अमेरिका-युरोपला सप्टेंबर १९९५ उजाडला. प्रत्येक ठिकाणी किंमत वेगळी, वितरक वेगळे, भाषा वेगळी. मधल्या काळात जहाजानं माल इकडचा तिकडे होऊ नये म्हणून कुंपण. व्यवहार म्हणून समजतं. पण हे कुंपण घालताना नकाशावर तीनच रंग होते. जपान, अमेरिका, युरोप. डीव्हीडीवाल्यांनी निदान जगाचे सहा भाग पाडले आणि आपल्याला रशिया-आफ्रिकेबरोबर पाचवा नंबर दिला. खेळांच्या नकाशात आपण पाल टीव्हीमुळे युरोपच्या शेपटीला लटकलो, तेही कोणी विचारलं तर. ज्या गावात झिरो माइलचा खांब उभा आहे आणि ज्याला शाळेपासून 'देशाचा मध्यबिंदू' म्हणून मिरवायची सवय, त्या गावच्या पोरानं हे कसं घ्यावं? आणि युरोपच्या शेपटीतही सुख नव्हतं. साठच्या ठेक्यावर बसवलेले कितीतरी खेळ पन्नासवर आणताना कोणी ठेका दुरुस्तच करत नसे. मग सगळं सहावा हिस्सा हळू चालायचं, संगीतसुद्धा, आणि वर-खाली काळ्या पट्ट्या.

पण मला त्या एका डिस्कबद्दल बोलायचं आहे.

तिच्या वेष्टनावर एक मुलगा होता आणि सगळं जपानीत. नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं: 'बोकू नो नात्सुयासुमी', म्हणजे 'माझी उन्हाळ्याची सुट्टी'. जून २००० मध्ये जपानात आलेला, आणि जपानबाहेर अधिकृतपणे कधीच न गेलेला खेळ. आईचे दिवस भरत आलेत म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला मावशी-काकांकडे खेड्यात पाठवलंय. ऑगस्ट १९७५, एकतीस दिवस. त्यात कोणाला मारायचं नाही, कुठे पोचायचं नाही. किडे पकडायचे, मासे धरायचे, पतंग उडवायचा, भुंगेऱ्यांच्या झुंजी लावायच्या. रात्री दिवसभराची चित्र-डायरी उघडते, मग झोप, मग दुसरा दिवस.

मावसाजींनी तो का निवडला हे मी एकदा विचारलं होतं. "स्वस्त होता," ते म्हणाले.

दादा दोन दिवसांत कंटाळला. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि मी महिनाभर दुसरं काही केलं नाही. अक्षर न कळता खेळण्याची एक विद्या असते. प्रश्न आला की खाली दोन पर्याय यायचे, एक दोन अक्षरांचा, एक तीन अक्षरांचा. दोनाचा म्हणजे 'हो', तीनाचा म्हणजे 'नाही', हे मी तिसऱ्या दिवशी शोधून काढलं. ते 'हाइ' आणि 'इइए' आहेत हे पुढे समजलं तेव्हा आपण स्वतः कमावलेली जमीन कोणीतरी सातबाऱ्यावर चढवून दिल्यासारखं वाटलं. वहीच्या मागच्या पानावर मी आकारांची यादी केली होती. हा छत्रीसारखा दिसतो तो नदीकडे, हा खिडकीसारखा दिसतो तो घराकडे. मावशी काहीतरी बोलायची, मी मनानं तिला उत्तर द्यायचो. माझ्या सोयीसाठी ती नागपुरीच बोलायची. "ऊन लागन ना रे, टोपी घाल."

अडचण बटणांची होती. मित्राकडच्या डिस्कांत फुली म्हणजे 'हो'. माझ्या जपानी खेळात गोल म्हणजे 'हो' आणि फुली म्हणजे 'नको'. जपानच्या शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात आणि चुकलेल्याला फुली, म्हणून ही खूण त्यांना सरळ. आमच्या शाळेत सर लाल पेनानं गोल करायचे तो चुकलेल्या शब्दाभोवती. शुद्धलेखनाच्या वहीत माझे इतके गोल असायचे की जपानात मी पहिला आलो असतो. महिन्याभरानं अंगठ्याला गोलाची अशी सवय लागली की गल्लीत फुटबॉल खेळायला बसलो की मी दर वेळी 'रद्द' करायचो आणि शिव्या खायचो. पुढे २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा कंपनीनं जपानातही फुलीलाच 'हो' केलं. बातमी वाचली तेव्हा माझा अंगठा नाराज झाला. बाकी मला काय फरक पडत होता?

खेळात पतंग पहिल्यांदा वर गेला तेव्हा मी सवयीनं आजूबाजूच्या आभाळात दुसरा शोधला. संक्रांतीला आमच्या गच्च्यांवर 'ओऽ काट'चा गजर असतो. काटायला कोणी नसताना नुसता पतंग उडवायचा, हे मला पहिल्यांदा निरर्थक वाटलं आणि मग आवडलं.

आणि हे सगळं काळ्यापांढऱ्यात. रंग मी घरचे भरले. सुट्टी म्हणजे मे, मे म्हणजे वाळलेलं गवत, करपलेली झुडपं, पांढरं पडलेलं आभाळ, हे नागपूरच्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. पडद्यावरच्या करड्या माळावर मी अंबाझरीच्या मागचा पिवळा माळ पसरला होता.

२६ जूनला शाळा उघडली, माझं दहावीचं वर्ष, आणि बाबांनी प्लेस्टेशन ट्रान्सफॉर्मरसकट माळ्यावर टाकलं. माझा ऑगस्ट १७ तारखेला थांबला.

मधली वर्षं पटकन सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. कुलपं ढिली होत गेली. प्लेस्टेशन ३ च्या खेळांना प्रदेशाचं बंधन जवळजवळ नव्हतंच. २०१२ मध्ये एका मारामारीच्या खेळानं ते लावलं तेव्हा तो पहिलाच म्हणून गाजला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वननं २०१३ मध्ये प्रदेशाचं कुलूप जाहीर केलं आणि लोक खवळल्यावर त्याच महिन्यात मागे घेतलं. निन्टेन्डोनं उलट दिशा धरली होती. गेमबॉय, डीएस ही त्याची हातातली यंत्रं सगळीकडे चालायची, पण २०११ चा थ्रीडीएस कुलूपबंद आला. मग २०१७ चा स्विच पुन्हा मोकळा.

आता कुलूप डिस्कवर नसतं, खेळाच्या ऑनलाइन खात्यावर असतं. हे मी पैसे घालवून शिकलो. एका ओळखीच्यानं दुबईहून खेळ आणून दिला, डिस्क छान चालली, सोबतच्या जादा भागाचा कोड मात्र माझ्या भारतीय खात्यानं घेतला नाही. दोन्हीचा प्रदेश एकच लागतो. हे डब्यावर बारीक अक्षरांत असणार, मी वाचलं नव्हतं. पण काकांची आठवण आली. या कुलपाला पक्कड कुठे लावायची? कानात काय पुटपुटायचं, आणि कोणाच्या? समोर पेटी असली की माणूस ती उघडून पाहतो. इथे पेटी दुसऱ्याच गावात आहे.

मुलीसाठी स्विच घेतला तो सदरमधल्या दुकानातून, बाहेरून आणलेला. खोक्यावरची वॉरंटी आपल्यासाठी नाही हे दुकानदारानं आधीच सांगितलं. ती आठ वर्षांची आहे आणि हिंदी बोलणाऱ्या शिनचॅनची परम भक्त. म्हणून शिनचॅनचा एक खेळ घेतला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिनचॅन क्यूशू बेटावरच्या एका गावी जातो, किडे पकडतो, मासे धरतो. ती खेळत होती, मी शेजारी बसून वांगी चिरत होतो. पडद्यावर संध्याकाळ झाली, शिनचॅन घराकडे वळला.

"आता डायरी उघडेल," मी म्हणालो.

डायरी उघडली.

"बाबा, तुला कसं माहीत?"

मला खरंच माहीत नव्हतं, हात बोलला. नंतर शोधलं. दोन्ही खेळ एकाच माणसाचे, काझ आयाबे यांचे. त्यांची ती सुट्टी बावीस वर्षं जपानातच राहिली होती आणि अखेर शिनचॅनचा हात धरून बाहेर पडली.

रविवारी माळ्यावर चढलो. प्लेस्टेशन सापडलं, मेमरी कार्ड त्यातच. ट्रान्सफॉर्मर खाली घेताना लेकीनं विचारलं, हा दगड कशाला? डिस्क फिरेना. मग आठवलं, लेन्स थकली की हे यंत्र उलटं ठेवायचं असतं. उलटं ठेवलं. दोनदा खरखर झाली आणि गुणगुण सुरू झाली, यंत्राची की ट्रान्सफॉर्मरची ते कळेना. आताच्या टीव्हीला पाल काय नि एनटीएससी काय, सगळं सारखं. त्यानं विचारलंसुद्धा नाही.

पर्याय आले. मी दोन अक्षरांचा निवडला, गोल दाबून. १८ ऑगस्टची सकाळ झाली.

सगळं हिरवं होतं. माळ, टेकड्या, घरामागचं रान, नदीचा काठ, पोळ्याच्या वेळी रामटेककडे जाताना दिसतं तसं ओलं, गच्च हिरवं. त्यांची सुट्टी ऑगस्टमधली, हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं. तरी मी त्या पोराला एवढा काळ वाळलेल्या गवतातून चालवत होतो.

"पाऊस पडून गेलाय वाटतं," लेक म्हणाली आणि माझ्या हातातून रिमोट घेतला.